नेदरलँड्समध्ये नव्याने येताय? आधी ताट आणि ग्लास समजून घ्या

मी मूळची वेंगुर्ल्याची. आमच्या गावात डच वखारीची पडकी इमारत आहे. १६३७ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीनं तिथे ठाणं मांडलं होतं. लहानपणी त्या भिंतींजवळून जाताना या लोकांच्याच देशात एक दिवस आपलं घर असेल, असं कधी मनात आलं नव्हतं. आता हेगमध्ये राहून दहा वर्षं झाली.

या दहा वर्षांत महाराष्ट्रातून आलेल्या कितीतरी जणांना पहिल्या महिन्यात मदत केली. येताना सगळे घरभाडं, कर, व्हिसा याची माहिती घेऊन येतात. पण इथे आल्यावर जीव कशानं कासावीस होतो? दुपारच्या थंडगार पावानं, संध्याकाळी सहाच्या जेवणानं, चहात चुकून ओतलेल्या ताकानं. दोन महिने घरात वरणभात आणि ऑफिसात उपास अशी गत झालेली माणसं मी पाहिली आहेत. म्हणून हा लेख खाण्यापिण्याच्या वाटेनं जातो. गोष्टी ज्या क्रमानं समोर येतील, त्याच क्रमानं लिहिल्या आहेत.

निघण्यापूर्वी: बॅगेत काय, काय नाही

इथल्या बऱ्याच घरांत आता इंडक्शनची शेगडी असते. आईनं प्रेमानं दिलेला ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापतच नाही. कुकर आणायचाच असेल तर बुडाला इंडक्शन चालेल असाच घ्या. दुकानात त्याच्या बुडाला लोहचुंबक लावून बघा, चिकटला की झालं. मिक्सर बिनदिक्कत आणा. वीज इथेही २३० व्होल्टचीच आहे, फक्त प्लग वेगळा. चटणीचं भांडं असलेला आपला मिक्सर इथे मिळणाऱ्या नाजूक ब्लेंडरांपेक्षा कितीतरी बरा. ओलं खोबरं त्यांच्यात नीट वाटलं जात नाही.

मालवणी मसाला, गोडा मसाला, कोकम, कुळथाचं पीठ, पोहे, मेतकूट हे सगळं सुकं सामान आणा. तूप, पेढे, खव्याची मिठाई, सुकं मटण मात्र आणू नका. युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून आणायला मनाई आहे. ताज्या फळभाज्यांना झाडपाल्याच्या तपासणीचं प्रमाणपत्र लागतं. नारळ, केळी, अननस, खजूर अशा मोजक्या फळांना त्यातून सूट आहे, हापूसला नाही. कढीपत्त्यालाही नाही. विमानतळावर आंब्याची पेटी सोडून द्यावी लागली की होणारं दुःख टाळता येण्यासारखं आहे.

कागदांपैकी एकाचंच नाव घेते, कारण तेच घरी राहतं: जन्माचा दाखला, इंग्रजीत आणि अपोस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का मारलेला. तो निघण्यापूर्वी करून घ्या. इथून करायचा म्हणजे नातेवाइकांना धावपळ.

पहिला आठवडा: आधी नंबर, मग नारळ

चार महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर पोचल्यापासून पाच दिवसांत खेमेन्तेकडे, म्हणजे नगरपालिकेकडे, नोंदणी करायची असते. वेळ आधी घ्यावी लागते, म्हणून भारतात असतानाच घेऊन ठेवा. तिथे बीएसएन हा नागरिक क्रमांक मिळतो. पगार, बँक, विमा, डॉक्टर सगळं त्याच्यावर चालतं. मग डिजिडी काढा, हे सरकारी कामांचं ऑनलाइन ओळखपत्र. त्याचा कोड टपालानं येतो, तेव्हा दाराच्या पेटीवर तुमचं आडनाव लिहिलेलं असू द्या.

आरोग्य विमा चार महिन्यांच्या आत घ्यावाच लागतो. वर्षाला पहिले ३८५ युरो तुमच्या खिशातून जातात, पण घरच्या डॉक्टरकडे जाण्याचा खर्च त्यात मोजला जात नाही. या घरच्या डॉक्टरला हाउसआर्ट्स म्हणतात. आजारी पडण्याआधीच जवळच्या दवाखान्यात नाव नोंदवा. थेट तज्ज्ञाकडे जाता येत नाही, वाट हाउसआर्ट्सकडूनच जाते. साध्या तापाला तो पॅरासिटामॉल घ्या, पाणी प्या, विश्रांती घ्या असं सांगून घरी पाठवेल. आपल्याला ते दुर्लक्ष वाटतं, पण इथली ती रीतच आहे. खरोखर घाबरण्यासारखं काही असेल तर ११२.

पैशांचं एकच सांगते: डच बँकेचं कार्ड लवकर मिळवा. काही बेकऱ्या आणि कॅफे रोख घेत नाहीत, आणि परदेशी क्रेडिट कार्ड प्रत्येक ठिकाणी चालेल याची खात्री नाही. कार्डानं पैसे देण्याला इथे पिनेन म्हणतात. काउंटरवरचा माणूस काहीतरी विचारून तुमच्याकडे बघत थांबला, तर बहुधा तो "पिनेन?" किंवा "बॉनेचे?" एवढंच विचारतोय. बॉनेचे म्हणजे पावती. ती घ्या. स्वतःच माल स्कॅन करून पैसे दिलेत तर बऱ्याच दुकानांत बाहेरचं फाटक पावती दाखवल्याशिवाय उघडत नाही.

पहिला बाजार

आल्बर्ट हाइन, युम्बो, लीडल, आल्डी, डिर्क ही सुपरमार्केटं जवळपास प्रत्येक वस्तीत एखादं तरी असतंच. आल्बर्ट हाइन सगळ्यांत जुनं. १८८७ मध्ये ओस्टझान गावातल्या एका किराणा दुकानातून ते सुरू झालं. तिथलं बोनस कार्ड फुकट मिळतं, ते पहिल्याच दिवशी घ्या, नाहीतर निळ्यानारिंगी पाट्यांवरची सवलत तुम्हाला लागू होत नाही.

आता दुधाचं कपाट. पहिल्या आठवड्यात चूक हमखास इथेच होते. "फोले मेल्क" म्हणजे पूर्ण सायीचं दूध, चहाला आणि विरजणाला हेच. "हाल्फफोले" म्हणजे अर्धी साय काढलेलं, इथे सर्रास तेच पितात. "माखेरे" म्हणजे साय पूर्ण काढलेलं. आणि तशाच कागदी डब्यात, त्याच फळीवर "कार्नेमेल्क" असतं, म्हणजे ताक. चहात पडलं की चहा फाटतो. पण ते ताक फार छान असतं: घट्टसर, आंबूस, रोजचं ताजं. मिरची, कोथिंबीर आणि हिंगाची फोडणी घालून मठ्ठा करा, नाहीतर बेसन लावून कढी. परक्या देशात ताक आयतं मिळतं, याचं मला अजूनही अप्रूप आहे.

कोथिंबिरीच्या जागी पेटरसेली, म्हणजे पार्सली, उचलू नका. ती दिसायला तशीच, वासाला अगदी वेगळी. रव्याला ख्रीसमेल म्हणतात. बिनमिठाचं लोणी, म्हणजे "ओन्खेझाउटेन रोमबोटर", घ्या आणि मंद आचेवर कढवा. इथल्या लोण्याचं तूप रवाळ आणि सुगंधी होतं. कणीक मात्र सुपरमार्केटची नको. तिथलं गव्हाचं पीठ पावासाठी दळलेलं असतं, पोळ्या वातड होतात.

शाकाहारी असाल तर चीजबद्दल एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा. पारंपरिक डच चीज विरजताना वासराच्या पोटातलं एन्झाइम वापरतात, त्याला स्ट्रेमसेल म्हणतात. पाकिटावर "फेखेटारिस स्ट्रेमसेल" किंवा "मिक्रोबियेल स्ट्रेमसेल" लिहिलेलं असेल तेच घ्या. बाजारातल्या चीजवाल्याला विचारलंत तर तो न कंटाळता दाखवतो. जेली, गोळ्या आणि मार्शमेलोतही जिलेटिन असू शकतं.

बाटल्या फेकू नका. प्लास्टिकच्या लहान बाटलीवर आणि पेयाच्या कॅनवर १५ सेंट, मोठ्या बाटलीवर २५, बिअरच्या तपकिरी काचेच्या बाटलीवर १० सेंट अनामत असते. बिअरचा २४ बाटल्यांचा क्रेट घेतलात तर क्रेटसकट ३ युरो ९० सेंट. या अनामतीचं नाव स्टाटीखेल्ट. दुकानाच्या दाराशी असलेल्या यंत्रात बाटल्या घाला, चिठ्ठी निघते, ती काउंटरवर वटवा.

टोको, तुर्की दुकान आणि हेगचा बाजार

घरची आठवण आली की मी जे करते ते मनापासून सांगते: सोमवार, बुधवार, शुक्रवार किंवा शनिवारी हेगच्या मार्केटला, म्हणजे हाख्स मार्क्टला, जा. उघड्यावरचा एवढा मोठा भाजीबाजार युरोपात कमीच ठिकाणी असेल. तिथे भेंडी, कारली, वांगी, दुधी, चवळीच्या शेंगा, माठ सगळं ढिगानं दिसेल. फक्त नावं ओळखीची नसतील, कारण ती सुरिनामातून आली आहेत. कारलं म्हणजे सोप्रोपो, भेंडी म्हणजे ओकर, वांगं म्हणजे बुलांजर, चवळीची लांब शेंग म्हणजे काउसेबांट. क्लारून मागाल तर माठ मिळेल. तायरब्लाट हा अळूचा नातेवाईक, नीट शिजवला आणि चिंच घातली की फदफदं उत्तम होतं.

ही नावं इथे कशी आली, हे जाणून घेतलं तर बाजार आणखी जवळचा वाटतो. १८७३ मध्ये लाला रूख नावाचं जहाज कलकत्त्याहून सुरिनामला गेलं. ती तेव्हा डचांची वसाहत होती. १९१६ पर्यंत सुमारे ३४ हजार माणसं अशी गिरमिटावर, म्हणजे कराराच्या मजुरीवर, मळ्यांत नेली गेली. बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली. १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र झाला, त्या सुमारास त्यांच्या वंशजांपैकी हजारो लोक नेदरलँड्समध्ये आले, आणि त्यांतले खूपसे हेगमध्ये स्थिरावले. भाजी निवडणारी म्हातारी बाई तुमच्याकडे बघून "कैसे बाटा?" म्हणाली, तर ती सरनामी बोलतेय. तुमच्या शाळेतल्या हिंदीवर संभाषण छान चालतं. माझ्या पहिल्या हिवाळ्यात अशाच एका आजींनी मला कारली कुठल्या गाड्यावर कोवळी मिळतात ते दाखवलं, आणि निघताना एक लिंबू पिशवीत टाकलं.

त्यांची रोटी जरूर खा. मऊ, आत डाळीचं सारण भरलेली, जवळजवळ पुरणपोळीच्या घडणीची, पण तिखटाबरोबर खायची. सोबत बटाटा, काउसेबांट, कोंबडी किंवा अंडं, आणि बाजूला मादाम जानेत मिरचीची चटणी. ती मिरची पिवळीधमक, गोड वासाची आणि अतिशय जहाल असते. आधी नखाएवढीच घ्या.

टोको म्हणजे आशियाई सामानाचं दुकान. शब्द इंडोनेशियातून आलाय. तिथे तांदूळ, नारळाचं दूध, चिंच, ताजं आलं मिळतं. कोथिंबीर आणि पुदिन्याच्या मोठ्या जुड्या, मसूर, छोले हवे असतील तर तुर्की किंवा मोरोक्कन दुकान स्वस्त पडतं. कणीक, तूरडाळ, कढीपत्ता भारतीय दुकानात. आम्स्टलवेन, आइंधोवेन, हेग, रॉटरडॅम, इथे ती सहज सापडतात.

दुपारचा डबा

डच दुपारचं जेवण म्हणजे पावाचे दोनतीन तुकडे, त्यांवर चीज, सोबत दूध किंवा ताक. साडेबाराला बसायचं, अर्ध्या तासात उठायचं. बँकेतला मोठा साहेबही तेच खातो. कोणी पावावर लोणी लावून चॉकलेटचे बारीक दाणे पेरतं, त्याला हाखेलस्लाख म्हणतात, आणि ते मोठी माणसंही खातात.

माझा सल्ला असा: आठवड्यातून दोन दिवस त्यांच्यासारखं पावचीज न्या, तीन दिवस आपला डबा. दोन दिवस यासाठी की सगळे एका टेबलावर बसतात आणि मायक्रोवेव्हची वाट बघण्यात आपलं अर्धं जेवण आणि अर्धी ओळख निघून जाते. डब्यात पोळीचा रोल, थालीपीठ, दडपे पोहे असं थंड खाता येणारं न्या. सुका बांगडा किंवा सुकट ऑफिसात तापवू नका. मी सुकटीवर जीव टाकणारी आहे, तरी सांगते.

पाव मात्र नीट निवडा. पॅकबंद पांढऱ्या पावापेक्षा बेकरीतला "फोल्कोरेन" घ्या, आणि "खेस्नेडेन" म्हणा, म्हणजे कापून देतात. त्यावर जुनं चीज. चीज जितकं मुरलेलं तितकं खमंग: "योंग" कोवळं, "बेलेखेन" मुरलेलं, "आउट" जुनं. जुन्या खाउडा चीजमध्ये दाताखाली पांढरे कण कुरकुरतात, ती खराबी नव्हे, मुरण्याची खूण आहे. हो, खाउडा. आपण गौडा म्हणतो ते गाव इथे खाउडा आहे. डच "ग" हा घशातल्या "ख"सारखा उमटतो, आणि मराठी जिभेला तो इंग्रजांपेक्षा लवकर जमतो.

ओळखीच्या चवी कुठे लपल्यात

डच जेवण सपक असतं, हे वाक्य तुम्ही येण्याआधीच ऐकलं असेल. मला ते अपुरं वाटतं. त्यांचा रोजचा स्वयंपाक सौम्य आहे हे खरं. पण ज्यांच्या जहाजांनी दोनशे वर्षं मसाले वाहिले, त्यांच्या फडताळात मसाला असणारच. फक्त तो भाजीत नसून चीजमध्ये आणि गोडात आहे.

कोमेनेकास घ्या: लायडनकडचं जिरं घातलेलं चीज. गरम पोळीत गुंडाळून खाल्लंत तर तूपजिऱ्याची आठवण येईल. फ्रिसलांडकडचं नाखेलकास लवंगेचं. स्पेक्युलास बिस्किटांत दालचिनी, लवंग, जायफळ, आलं, वेलची. ५ डिसेंबरच्या सिंटरक्लासच्या सणाआधी दुकानं त्याच वासानं भरतात.

घरात बाळ आलं की हे लोक पेढे वाटत नाहीत, कडक टोस्टवर लोणी लावून त्यावर माउश्येस पेरतात. म्हणजे साखरेत घोळवलेली ॲनिस, आपल्या बडीशेपेची चुलत बहीण. मुलगी झाली तर गुलाबीपांढरी, मुलगा झाला तर निळीपांढरी. ऑफिसात कोणी असा टोस्ट पुढे केला तर नाही म्हणू नका, आणि तोंडभरून अभिनंदन करा.

आता ड्रॉप. काळी, चिवट गोळी. हिची चव ज्येष्ठमधाची, तिथवर आपल्याला सोपं जातं. पण "झाउट" आणि "डुब्बल झाउट" लिहिलेल्या ड्रॉपमध्ये नवसागर असतो. भांड्यांना कल्हई लावताना जो वास यायचा, तोच जिभेवर येतो. सुरुवात "झूट", म्हणजे गोड ड्रॉपपासून करा. रक्तदाब असेल तर मूठमूठ खाऊ नका, ज्येष्ठमधानं तो वाढतो.

गाडीवरचं खाणं आणि कच्चा मासा

तळणाच्या दुकानातल्या क्रोकेट आणि बिटरबालमध्ये बहुतेक वेळा गोमांस असतं, फ्रिकांडेलमध्येही मांस. शाकाहारी माणसानं काससूफ्ले घ्यावं, चीज भरलेलं तळलेलं पाकीट. ज्या तेलात मांस तळलं त्याच तेलात ते तळतात, हे ज्यांना चालत नाही त्यांनी आधी विचारावं. हॉटेलात नुसतं "शाकाहारी" म्हणून थांबू नका. "खेन फ्लेस, खेन फिस" म्हणा, मांस नाही, मासा नाही. वाटाण्याच्या दाट सूपमध्ये, म्हणजे स्नेर्टमध्ये, सहसा डुकराचं मांस असतं. गाजर, कांदा आणि बटाटा एकत्र ठेचलेला हुट्सपॉट मात्र मांसाशिवाय मागता येतो. लायडनमध्ये तो ३ ऑक्टोबरला घरोघरी होतो, १५७४ मध्ये स्पॅनिश वेढा उठला त्या दिवसाची आठवण म्हणून. वरून लसणीची फोडणी घाला, मी दरवर्षी घालते.

मासे खाणाऱ्यांनी जूनच्या मध्याची वाट बघावी. तेव्हा "होलांझ निउवे", वर्षाचा पहिला हारिंग, बाजारात येतो. हारिंग हा आपल्या तारलीच्या कुळातला. तो शिजवत नाहीत. आतडी काढून, हलकं मीठ लावून मुरवतात, आणि जंत मरावेत म्हणून आधी गोठवतात. हे नाव मिळायला माशात किमान १६ टक्के चरबी असावी लागते. शेपटीला धरून, मान वर करून खाण्याची रीत आहे. आम्स्टरडॅममध्ये तुकडे करून कांदा आणि लोणच्याच्या काकडीबरोबर देतात. मला वेंगुर्ल्याच्या खाऱ्या माशाची सवय होती, तरी पहिला घास अवघड गेला, दुसरा नाही. मांस लोण्यासारखं विरघळतं. तेवढं धाडस नसेल तर किबलिंग घ्या, पांढऱ्या माशाचे गरम तळलेले तुकडे.

बिअर: छोटा ग्लास, दोन बोटं फेस

शुक्रवारी चारच्या सुमारास कोणीतरी "फ्राइमिबो" म्हणेल, म्हणजे शुक्रवार दुपारचा बॉरेल. बॉरेल म्हणजे कामानंतर थोडं पिणं, थोडं चघळणं आणि खूप गप्पा. जा. मीटिंगमध्ये न बोलणारी माणसं इथे बोलतात, आणि साहेबाला नावानं हाक मारायची सवय इथेच लागते. पीत नसाल तरी जा. बिनअल्कोहोलची बिअर आता सगळीकडे मिळते, तिला "नुल पुंट नुल" म्हणतात. गेल्या दहा वर्षांत मला किंवा माझ्या न पिणाऱ्या मित्रमैत्रिणींना "का नाही पीत?" असं कोणी विचारलेलं नाही.

"अन बिर्चे" म्हणालात की पिल्स येते: सोनेरी, थंड, साधारण पाच टक्क्यांची. हायनेकन १८६४ पासूनची आम्स्टरडॅमची. ग्रोल्श आणखी जुनी, १६१५ ची, पूर्वेकडच्या ग्रोनलो गावातली, आणि तिच्या बाटलीला तारेच्या खिटीचं बूच असतं. कॅफेत कोणती मिळेल हे त्या कॅफेचा करार कोणाशी आहे त्यावर ठरतं, म्हणून ब्रँडचं नाव सांगण्याची गरज पडत नाही.

ग्लास बघून आपली माणसं नाराज होतात. फासये २५ सेंटिलिटरचा, फ्लाउत्ये त्याहून बारीक आणि उंच, आणि वर दोन बोटं फेस. "अर्धा फेसच दिला" असं वाटतं. पण तो फेस मोजून दिलेला असतो. त्यानं बिअरमधला वायू आणि वास टिकतो, वरून हवा लागत नाही. वाढणारा ग्लास गार पाण्यात विसळतो, नळ एकदाच उघडून भरतो आणि वरचे मोठे बुडबुडे पट्टीनं कापून टाकतो. ग्लास लहान यासाठी की शेवटचा घोटही थंड राहावा. फेस काढून द्या, असं म्हणू नका.

ग्लास हातात आल्यावर सगळ्यांना मिळेपर्यंत थांबा. "प्रोस्ट" म्हणताना ग्लासाकडे न बघता समोरच्याच्या डोळ्यांत बघा, एकेकाच्या. आणि राउंडचा हिशोब समजून घ्या: एक जण सगळ्यांसाठी आणतो, पुढची फेरी दुसरा. दोन फेऱ्या पिऊन आपली न आणता निघणं बरं दिसत नाही. घाई असेल तर पहिली फेरी तुम्हीच आणा. जेवणाचं बिल वेगळं, तिथे नंतर फोनवर टिकीची, म्हणजे पैसे मागण्याच्या ॲपची, लिंक येते, आपापला वाटा भरायचा. साडेचार युरोची टिकी आली म्हणून अपमान मानू नका. हिशोब मिटलेला असला की मैत्री मोकळी राहते, असं इथे मनापासून मानतात.

पिल्सच्या पलीकडे जायचं असेल तर ऋतू धरा. उन्हाळ्यात वितबिअर: गढूळ, हलकी, धणे आणि संत्र्याच्या सालीची. हो, धणे. आपल्या तिखट जेवणाबरोबर मला हीच सर्वांत जमते. तळलेला बांगडा आणि वितबिअर एकदा करून बघा. फार कडवट आयपीए तिखटाबरोबर नको, जीभ आणखी पेटते. शरद ऋतूत बॉकबिअर येते, गडद, करपवलेल्या साखरेच्या अंगाची. हिवाळ्यात डुबल, ट्रिपल या कडक बिअर.

ट्रॅपिस्ट बिअर मठात, साधूंच्या देखरेखीखाली होते, आणि मिळकत मठाला व दानधर्माला जाते. नेदरलँड्समध्ये असे दोन मठ आहेत: टिलबर्गजवळचा कोनिंग्सहूवन, तिथली ला ट्राप १८८४ पासूनची, आणि झुंडर्ट गावचा, ज्या गावात चित्रकार फान खोख, म्हणजे आपण ज्याला व्हॅन गॉग म्हणतो तो, जन्मला. कोनिंग्सहूवनच्या अंगणात झाडाखाली बसून बिअर आणि मठातला पाव खाणं हा रविवार घालवण्याचा फार सुंदर मार्ग आहे. पण ट्रिपल ८ टक्क्यांची आणि क्वाड्रुपल १० टक्क्यांची, हे विसरू नका. पिल्ससारखी घटाघटा प्यायची नाही. हार्लेममध्ये योपेन हा कारखाना जुन्या चर्चच्या इमारतीत आहे, आणि तिथे १४०७ आणि १५०१ च्या पाककृतींवरून बिअर करतात. आम्स्टरडॅममध्ये डे खोयर पवनचक्कीच्या पायथ्याशी १९८५ मध्ये सुरू झालेला एइ कारखाना आहे.

नियम थोडे आहेत, पण कडक. वय १८ पूर्ण हवं. तरुण दिसत असाल तर ओळखपत्र मागतात, त्यात राग मानू नका. बिअर आणि वाइन सुपरमार्केटात मिळते, येनेव्हर (इथली जिनसारखी दारू) किंवा व्हिस्की फक्त स्लाइतराइ या दारूच्या दुकानात. आणि पिऊन सायकल चालवणंही गुन्हा आहे, रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे. पुढे पांढरा, मागे लाल दिवा नसेल किंवा हातात फोन असेल तरी दंड. जास्त झाली तर सायकल कॅफेसमोर कुलूप लावून ठेवा आणि ट्रामनं घरी जा.

घरी जाणं, घरी बोलावणं

डच घरी जेवण सहाला होतं. तुम्ही साडेपाचला सहज गप्पा मारायला गेलात तर त्यांची पंचाईत होते, कारण बटाटे माणशी मोजून शिजवलेले असतात. वेळ ठरवून जा. वाढदिवसाला बोलावलं तर नुसतं वाढदिवस असलेल्याचं अभिनंदन करून बसू नका. आईवडील, नवरा, बहीण, शेजारी, गोल मांडलेल्या खुर्च्यांवर बसलेल्या प्रत्येकाला हात मिळवून "खेफेलिसिटेर्ट" म्हणायचं. घरात आनंद झालाय तर तो सगळ्यांचाच, ही कल्पना मला फार आवडते. कॉफी आणि केकचा एक तुकडा मिळेल. भूक राखून जाऊ नका.

तुम्ही बोलावाल तेव्हा तीन आठवडे आधी तारीख ठरवा, ते डायरीत लिहितात. काय चालत नाही ते विचारा. जेवण किती वाजता आणि साधारण किती वाजेपर्यंत, हेही सांगा, त्यांना ते उद्धट वाटत नाही. ते ठरल्या मिनिटाला फुलं घेऊन दारात असतील. तिखट वेगळ्या वाटीत ठेवा. माझ्याकडे घावणे, काळ्या वाटाण्याची उसळ आणि सोलकढी ठरलेली आहे. सोलकढीचा रंग बघून आधी सगळे गप्प होतात, मग दुसऱ्यांदा मागतात. आग्रह करायचा असेल तर एकदाच. ते नको म्हणाले तर खरंच नको असतं.

आणि जेवण झाल्यावर रंगीत साखरेची बडीशेप वाटीत घालून पुढे करा. माझ्या घरी पहिल्यांदा केली तेव्हा शेजारच्या काकांनी चमचाभर तोंडात टाकली, थांबले, बायकोकडे बघितलं आणि मला विचारलं, "बाळ कोणाला झालं?"